साळवे साहेबांची वहिवाट

साळवे साहेबांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांच्या पाठीमागे हॉर्न दाबून धरला होता. बदली होऊन मी संभाजीनगरला आले त्याला चारच दिवस झाले होते. जालना रोडवर सकाळी साडेनऊला जी झुंबड उडते तिची सवय नव्हती, गाडी नवी होती, आणि दहाच्या आत ऑफिसातल्या यंत्रावर अंगठा लागला नाही की लेट मार्क ठरलेला. सेव्हन हिल्सच्या पुढं माझ्यासमोर एक काळी, उंच, जुन्या घडणीची सायकल चालली होती. वर एक गृहस्थ ताठ बसलेले. मी हॉर्न दिला. ते हलले नाहीत. मी आणखी दिला. ते डावीकडं सरकले नाहीत, उजवीकडं सरकले नाहीत, घाबरले नाहीत, की वेगही वाढवला नाही. देवळात घंटा वाजवावी तशी मी वाजवत होते आणि देव काही प्रसन्न होत नव्हता.

आकाशवाणीच्या सिग्नलला ते शेजारी येऊन थांबले आणि त्यांनी काचेवर बोटानं टकटक केली. आता भांडण होणार म्हणून मी कंबर कसूनच काच खाली केली. ते वाकून म्हणाले, "ताई, कुठं निघालात?"

"ऑफिसला. उशीर झालाय," मी फणकारले.

"व्हय का," ते म्हणाले, आणि खरोखरच काळजी वाटल्यासारखे दिसले. "मग निघा तुम्ही पुढं."

मी निघाले. पुढं जाऊन गाडी लावायला जागा शोधण्यात दहा मिनिटं गेली. धापा टाकत वर गेले तर माझ्या शेजारच्या टेबलापाशी तेच गृहस्थ उभे होते आणि पँटच्या उजव्या पायाला बांधलेली फाइलीची लाल फीत सोडत होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "लागला का अंगठा?"

लागला नव्हता.

त्या लाल फितीचं आधी सांगते. साखळीत पँट अडकू नये म्हणून लोक चिमटा लावतात, साळवे साहेब जुन्या फाइलीची फीत बांधत. ऑफिसात आले की ती सोडून, घडी घालून खिशात ठेवत आणि साडेसहाला पुन्हा बांधत. सरकारी नोकरीत लाल फितीचा इतका सरळ उपयोग मी दुसरा पाहिला नाही.

आमचं खातं जमीन मोजणीचं. साळवे साहेब भूकरमापक, म्हणजे प्रत्यक्ष शेतात जाऊन हद्दी मोजणारे. सोयगावकडच्या एका खेड्यातून आलेले, मुकुंदवाडीत राहायचे, निवृत्तीला सहाएक वर्षं उरलेली. साखळीनं मोजायच्या काळात नोकरीला लागले आणि आता उपग्रहाकडून खुणा घेणाऱ्या यंत्रानं मोजत होते. पण यंत्रानं आकडा दिला तरी बांधावरून एकदा चालून आल्याशिवाय ते सही करत नसत. "पाय काय म्हणतेत ते बघू दे," म्हणायचे. तरुण पोरं हसायची. साहेबही हसायचे आणि चालून यायचे.

त्यांचा तो प्रश्न मात्र ऑफिसात सगळ्यांना माहीत होता. जो कुणी गाडीवाला अंगावर येई, खेटून जाई, आरसा घासे, शिवी देई, त्याला ते पुढच्या सिग्नलला गाठत. आपल्या शहरात सिग्नल इतके आहेत की सायकलवाला गाडीवाल्याला हमखास गाठतो, हे गाडीवाल्यांना अजून उमगलेलं नाही. गाठून ते एवढंच विचारत, "कुठं निघालात?" रस्त्यावरचं भांडण आपल्याकडं ज्या वाक्यांनी सुरू होतं, म्हणजे 'दिसत नाही का' आणि 'बापाचा रस्ता आहे का', त्यांतलं एकही त्यांच्या तोंडी नसे. मला आधी वाटलं, हा टोमणा आहे. मी बारकाईनं लक्ष ठेवलं. टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असे.

"पण कशाला?" मी एकदा डबा खाताना विचारलं.

"आता बघा मॅडम," ते भाकरी मोडत म्हणाले, "एक माणूस मला मारायला तयार हाय. म्हंजी तेवढं मोठं काम असंल ना त्याचं? मला कळाया नको?"

उत्तरं ते एका जाड वहीत लिहून ठेवत. वहीवर सुंदर अक्षरात लिहिलं होतं: 'वाजिब-उल-अर्ज'. बाहेरच्या माणसाला हे एखाद्या शायराचं नाव वाटेल, पण आमच्या खात्यात ही जुनी नोंदवही असते. गावातल्या रीतीभाती, कुणाला कुणाच्या शेतातून जायचा हक्क आहे, कुठल्या विहिरीवर कुणाचं पाणी, हे सगळं तीत लिहितात. साळवे साहेबांनी जालना रोडची वाजिब-उल-अर्ज उघडली होती. ती वही मी हट्टानं मागून घेतली आणि एक अख्खी दुपार कामाला दांडी मारून वाचली. चहा प्यायला. पोराला क्लासला सोडायला. दाढी करायला. सासऱ्याला स्टेशनवरून आणायला. देवाला. कुठं नाही, असंच. एका रिक्षावाल्यानं म्हटलं होतं, "नमाज को जा रहा चाचा, देर हो री," आणि त्यापुढं साहेबांची नोंद होती: 'जाऊ दिले.' एका बाईंनी नुसता डोळ्यांना रुमाल लावला होता. तिथं फक्त आडवी रेघ होती. माझंही पान निघालं. 'ऑफिसला. उशीर.' आणि कंसात, 'आपल्याच.'

एकदा प्रकरण हातघाईवर आलं. त्या दिवशी मी मागंच होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. काळ्या रंगाची, घराएवढी उंच गाडी. मागच्या काचेवर डरकाळी फोडणारा वाघ. त्या गाडीनं साहेबांना जवळजवळ गटारात घातलं. सिग्नलला यांनी नेहमीप्रमाणं टकटक केली. आतून एक धिप्पाड गडी उतरला आणि त्यानं सरळ साहेबांची कॉलर धरली.

"काय रे म्हाताऱ्या, काचेला हात लावतो?"

"दादा, कुठं निघालात?"

"तुला काय करायचंय?"

"काय नाय. लई घाईत दिसले म्हणून विचारलं. दवाखाना गिवाखाना असंल तर या गर्दीतून वाट करून देतो ना मी."

तो गडी कॉलर धरून तसाच उभा राहिला. मागं पन्नास हॉर्न वाजत होते. त्याच्या चेहऱ्यावर मी असं काहीतरी पाहिलं जे आजवर विसरले नाही: तो विचार करत होता. मग त्यानं कॉलर सोडली आणि मागच्या गर्दीकडं हात करून म्हणाला, "मागचे हॉर्न देतेत ना. म्हणून दाबली."

हे उत्तर साहेबांना भयंकर आवडलं. ऑफिसात आल्या आल्या त्यांनी ते लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. "म्हंजी बघा मॅडम," ते उजळून म्हणाले, "त्याला मागचा ढकलतोय. मागच्याला त्याच्या मागचा. असं करत चिकलठाण्यापर्यंत गेलं तर शेवटी एक माणूस असंल ज्याच्या मागं कुणीच नाय. त्याला गाठायला पाहिजे. त्याला कामून घाई हाय?"

त्या शेवटच्या माणसाचा ध्यास त्यांनी बरेच दिवस घेतला. मला हसू यायचं आणि थोडं भयही वाटायचं, कारण शर्टाचं वरचं बटण त्या झटापटीत तुटलं होतं ते त्यांना संध्याकाळपर्यंत कळलंच नव्हतं.

पण त्यांच्या सायकलीची खरी गोष्ट त्या प्रश्नात नव्हती, हे मला पुढं कळलं. एका रविवारी त्यांनी ऑफिसची मोजणीची फीत नेऊन मुकुंदवाडी ते क्रांती चौक रस्त्याची डावी कड मोजून काढली होती. सोमवारी नकाशा माझ्या टेबलावर. खात्याच्या शिस्तीत, काळ्या शाईत: चेंबर, खांब, उभ्या रिक्षा, फळगाडे, आणि या सगळ्यांतून वळसे घेत गेलेली एक तुटक रेघ. शेताच्या नकाशात पाऊलवाट तुटक रेघेनं दाखवतात. रेघेवर लिहिलं होतं: 'वहिवाट.'

वहिवाट म्हणजे वापरून वापरून पडलेली वाट. जमीन दुसऱ्याची का असेना, तुम्ही वर्षानुवर्षं तिथून जात आलात तर तुम्हाला कुणी अडवू शकत नाही. आमच्याकडं येणाऱ्या निम्म्या तक्रारी याच असतात. मी ऑफिसात कायद्याचं बघणारी, लगेच तोंड उघडलं.

"साहेब, हे चूक आहे. सरकारी रस्त्याला वहिवाट लागत नाही. तो सगळ्यांचाच असतो."

"कागदावर."

"मग आणखी कशावर?"

साहेबांनी नकाशाची गुंडाळी केली.

"आमचं शेत हाडोळीचं," ते म्हणाले. "आजाला गावाची चाकरी केली म्हणून मिळालेलं. चारी बाजूंनी दुसऱ्याची शेतं, मधी आमचा तुकडा. जायला एकच वाट, ती पाटलाच्या रानातून. आजा गेला, बाप गेला, कुणी अडवलं नाय. मग एका साली माह्या बापाचा पाय मोडला. मी शाळेत, बोर्डिंगला. ते एक साल आमची बैलगाडी तिथून गेली नाय. पुढल्या साली बाप बैलं घेऊन गेला तर वाट नांगरून कपाशी लावलेली. बाप म्हणला, माझी वाट कुठंय? पाटील म्हणला, कसली वाट? दाखव." साहेबांनी गुंडाळीला दोरा बांधला. "दाखवायला काय होतं? वाट चालली तरच दिसती, मॅडम. मी मोजणीत कामून आलो वाटतं तुम्हाला?"

शेत पडीक गेलं. बापानं शेवटपर्यंत ते दुरून पाहिलं. मी त्यानंतर कायदा सांगायच्या भानगडीत पडले नाही. आणि साहेब पावसात, उन्हात, ताप असताना, जीप न्यायला दारात उभी असतानासुद्धा सायकलीनंच का यायचे हेही मला पुन्हा विचारावं लागलं नाही. त्यांना एक दिवसही वाट बंद पडू द्यायची नव्हती. त्यांना रस्ता जिंकायचा नव्हता. हातभर रुंदीची ती पट्टी शहरानं नांगरून टाकू नये एवढंच त्यांना पाहिजे होतं.

या सगळ्या खटाटोपात त्यांचा एकच विजय मला ठाऊक आहे. मोंढा नाक्याच्या अलीकडं रफीकभाईंचा पेरूचा गाडा बरोबर त्या तुटक रेघेवर लागायचा. साहेब रोज तिथं उतरत, सलाम करत, गाड्याला वळसा घालत. भांडले नाहीत. दोनेक वर्षांनी एका सकाळी रफीकभाईंनी त्यांना लांबून येताना पाहिलं आणि गाडा आपणहून हातभर मागं ओढला. मग रोजच ओढू लागले. पावणेदहाला गाडा मागं, साहेब गेले की गाडा पुढं. "उन का टाइम है," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. साहेबांनी ऑफिसात पेढे वाटले. शिपायानं विचारलं, कशाचे? तर म्हणाले, "नोंद झाली."

वहिनींना, म्हणजे साहेबांच्या पत्नीला, या सगळ्याचा मनापासून राग होता. मुकुंदवाडीला त्यांच्या घरी गेलं की आधी चहा आणि मग सायकलीची निंदा. "त्या लोखंडापायी एक दिवस माह्या कपाळाचं जाईल," म्हणायच्या. एकुलती मुलगी पुण्याला, ती फोनवरून रागवायची. साहेब दोघींचं ऐकून घेत आणि सायकलीला तेल घालायला उठत.

आणि मग झालं ते. अमरप्रीतच्या चौकाआधी एका मोटारीनं अचानक डावीकडं घेतलं आणि साहेब सायकलीसकट फेकले गेले. डोकं वाचलं, उजव्या गुडघ्याचा चुरा झाला. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तो मोटारवाला तिथंच होता. चाळिशीचा, चष्मेवाला, कुठल्याशा कंपनीत कामाला असलेला साधा माणूस. हातात शहाळं घेऊन दाराशी उभा होता आणि आत जायची त्याची हिंमत होत नव्हती. मी त्याला खाऊ की गिळू असं बघत होते. साहेबांनीच आत बोलावलं. त्यांचा चेहरा दुखण्यानं पांढरा पडला होता, तरी त्यांनी विचारलंच.

"दादा, कुठं निघाला होतात?"

त्यानं शहाळं खाली ठेवलं. मागून बस हॉर्न देत होती, एवढं म्हणाला. मग खाली बघून म्हणाला, "खरं सांगू काका? कुठं निघालो होतो ते आठवतच नाही. तेव्हापासून आठवतोय."

साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही. मला वाटतं, इतक्या वर्षांत त्यांच्या प्रश्नावर इतका विचार करणारा हा पहिलाच माणूस त्यांना भेटला होता. मला म्हणाले, "मॅडम, वही आणा बरं उद्या." मला मात्र त्या माणसाला माफ करता आलं नाही, आजही येत नाही.

डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, गुडघा आता पूर्ण वाकणार नाही, सायकल विसरा. साहेबांनी ते शांतपणे ऐकलं. पण तीन-चार आठवड्यांनी मी घरी गेले तर त्यांची तगमग बघवेना. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड करून पडलेले.

"किती दिवस झाले, मॅडम?"

"पाय बरा होऊ द्या आधी."

"पायाचं नाय म्हणत मी. वाट बंद पडली किती दिवस, ते विचारतोय." मग कोपरावर उठून मला म्हणाले, "तुम्ही कायद्याच्या. सांगा. मालकानंच जायला पाहिजे असं हाय का? घरातलं कुणी गेलं, सालगडी गेला, तरी वहिवाट चालू धरतेत ना?"

"धरतात," मी म्हणाले. तेवढं खरंच आहे.

"बापाच्या टायमाला हे कुणी सांगितलंच नाय," ते म्हणाले. "आई गेली असती ना चालत. माय माही धडधाकट होती." आणि त्यांचे डोळे भरून आले. सहा वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं.

ते माझ्याकडं बघत होते. ते काय मागत होते हे मला कळत होतं, आणि मी चहाच्या कपात बघत राहिले. जालना रोडवर साडेनऊला सायकल चालवायची माझी छाती नव्हती. हे लिहायला लाज वाटते, पण नव्हती. दारात वहिनी रिकामा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला तर ते लोखंड चालवताबी येत नाय," आणि आत गेल्या.

साहेब अंथरुणातूनच निवृत्त झाले. आम्ही शाल-श्रीफळ घरी नेऊन दिलं. त्यानंतर माझं जाणं कमी झालं. कामं होती, असं म्हणायची पद्धत आहे. खरं म्हणजे ते कॅलेंडर मला नको होतं. त्या रस्त्यानं रोज जातानाही मी डावीकडं बघणं सोडून दिलं होतं.

परवाची गोष्ट. नेहमीप्रमाणं मला उशीर झालेला. मोंढा नाक्याच्या अलीकडं गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. डावीकडं सहज नजर गेली तर थोड्या अंतरावर पुढं रफीकभाई गाडा मागं ओढत होते. घड्याळात पावणेदहा. मी काच खाली करून ओरडले.

"रफीकभाई, कोणासाठी?"

"उन का टाइम है ना," ते तिथूनच म्हणाले. "बाई रोज आती. चार महिने हो गए. साब अभी अभी आने लगे."

गाड्याच्या अलीकडं पाहिलं. तीच काळी उंच सायकल. कुणीही बसलेलं नव्हतं. रस्त्याच्या बाजूला वहिनी, पदर खोचलेला, दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरून, नजर समोर. आणि आतल्या बाजूला, गटाराकडं, साळवे साहेब. डाव्या हातात काठी, उजवा हात सायकलीच्या सीटवर, उजवा पाय ताठच टाकत. पँटच्या त्या पायाला लाल फीत बांधलेली होती. काय गरज होती? पण होती.

गाड्या त्यांना खेटून जात होत्या आणि दर खेपेला वहिनी सायकल इंचभरही आत न घेता चालत होत्या. चेंबर आलं की साहेब काठीनं दाखवत आणि त्या वळसा घालत. ती तुटक रेघ मी नकाशात पाहिली होती. ती अशी असते हे मला माहीत नव्हतं.

मी त्यांना हाक मारली नाही. गाडी त्यांच्या मागं घेतली आणि त्यांच्या चालीनं चालवू लागले, म्हणजे निदान तेवढ्या वाटेत तरी त्यांना मागून कुणी खेटणार नाही. लगेच माझ्या मागं हॉर्न सुरू झाले. एक, मग पाच, मग मोजता येईनात. पाठीवर हात ठेवून कुणीतरी ढकलावं तसं वाटतं ते. माझा पाय आपोआप दाबायला जात होता. मी तो उचलून धरला.

शेवटी एक मोटारसायकलवाला कसाबसा शेजारी आला आणि खिडकीत डोकं घालून ओरडला, "ओ मॅडम, झोपल्या का? कुठं जायचंय तुम्हाला?"

"ऑफिसला," मी म्हणाले. "लई उशीर झालाय."

पुढं वहिनींनी सायकल रफीकभाईंच्या गाड्याजवळून सरळ काढली, साहेबांनी सीटवरचा हात उचलून सलाम केला आणि पुन्हा सीटवर ठेवला.